कासव सोडण्याआधी त्याचा मुलूख विचारा

विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेत स्टार कासवे सापडल्याची बातमी आता नवी राहिलेली नाही. तपशीलही बहुधा तेच असतात. कपड्यांच्या घड्यांत नाहीतर मोज्यांत कोंबलेली, तळहातावर मावतील एवढी पिल्ले. पाय बाहेर काढता येऊ नयेत म्हणून कवचाभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी. त्यातली काही आधीच मेलेली. आरोपीला अटक होते, छायाचित्र छापून येते आणि बातमीच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते : या कासवांना लवकरच त्यांच्या नैसर्गिक अधिवासात सोडण्यात येईल. वाचणाऱ्याला बरे वाटते. पण त्यांचा अधिवास कोणता, हे कोणाला ठाऊक असते? पिल्लू सौराष्ट्रातल्या काटेरी रानातून उचलले की आंध्रातल्या माळावरून, हे पकडला गेलेला माणूसही सांगू शकत नाही, कारण माल तीन-चार हातांतून फिरून त्याच्यापर्यंत आलेला असतो. पाठीवरच्या पिवळ्या चांदण्या पाहूनही ते खात्रीने ओळखता येत नाही. ओळखण्याचा भरवशाचा मार्ग एकच, त्या कासवाचा डीएनए. म्हणून माझे म्हणणे असे, की जप्त केलेले एकही कासव डीएनए तपासल्याशिवाय रानात सोडले जाऊ नये आणि ही तपासणी पंचनाम्याइतकीच नेमाची व्हावी.

स्टार कासव हे जमिनीवर राहणारे, गवत-पाल्यावर जगणारे, कोरड्या माळरानाचे आणि झुडपी जंगलाचे कासव. त्याचे मुख्य प्रदेश तीन. एक वायव्येकडचा, म्हणजे गुजरात, राजस्थान आणि त्यांना लागून असलेला पाकिस्तानचा भाग. दुसरा दक्षिणेचा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि कर्नाटकाचा काही भाग. तिसरा श्रीलंका. या कासवाचा व्यापार किती मोठा आहे याचा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला. आंध्र आणि तमिळनाडूच्या सीमाभागातल्या एकाच केंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार कासवे रानातून उचलली जात असल्याचे त्यात आढळले. ही एका केंद्राची गोष्ट. २०१९ साली जिनिव्हात झालेल्या साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराच्या परिषदेत या कासवाला पहिल्या परिशिष्टात घालून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेले हे कासव पहिल्या अनुसूचीत आले. कायदा कडक झाला की जप्तीही वाढते, आणि जप्ती वाढली की 'आता यांचे काय करायचे' हा प्रश्न वाढतो. कायद्याने कासव पकडणाऱ्याला शिक्षा होते. सुटलेल्या कासवाने कुठे जावे, याचे उत्तर कायद्यात नाही.

ते उत्तर डीएनए कसे देतो, हे समजून घेणे अवघड नाही. जुन्या पोथ्यांच्या नकला करताना लेखनिकाच्या हातून चुका होत, आणि त्या नकलेवरून पुढे ज्या नकला निघत त्यांत त्याच चुका उतरत. संशोधक या चुका जुळवून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून निघाली आणि कोणत्या मठातली, हे सांगतात. डीएनएच्या नकलेतही पिढ्यान्‌पिढ्या असेच बारीक बदल साचतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्यावरून मातृवंश लांबवर मागे शोधता येतो. केंद्रकातल्या डीएनएमध्ये आई-बाप दोघांचा वाटा असतो, त्यावरून अलीकडचे नाते, संकर आणि एखाद्या गटातले वैविध्य कळते. दोन्ही एकत्र वाचले आणि ठाऊक असलेल्या ठिकाणच्या कासवांशी ताडून पाहिले, की अनोळखी कासवाचा मुलूख बऱ्याच अंशी सांगता येतो. त्यासाठी लागते ते रक्ताच्या एका थेंबाएवढे किंवा नखाच्या टोकाएवढे काही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तस्करीतून सोडवून मायदेशी आणलेल्या स्टार कासवांचे मूळ शोधण्यासाठी नेमका हाच दुहेरी मार्ग वापरला आणि तो अभ्यास २००६ सालीच प्रसिद्ध केला. अलीकडे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या संशोधकांनी देशभरातल्या अनेक ठिकाणांहून नमुने गोळा करून दाखवून दिले, की भारतातली स्टार कासवे जनुकीयदृष्ट्या दोन वेगळ्या गटांत मोडतात, एक वायव्येचा आणि एक दक्षिणेचा. म्हणजे तंत्र हाताशी येऊन दोन दशके होत आली, ताडून पाहण्यासाठी नकाशाही तयार होत आला. उणीव आहे ती हे ज्ञान रोजच्या कामकाजात उतरण्याची.

कासव चुकीच्या मुलखात सोडले तर बिघडते काय? स्टार कासवाचे सारे आयुष्य पावसाशी बांधलेले आहे. उन्हाळ्यात ते झुडपाखाली निपचित पडून राहते आणि पाऊस पडला की खाणे, फिरणे, वीण हे सगळे सुरू होते. कच्छ-सौराष्ट्राचा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून संपतो. तमिळनाडूच्या किनारी भागात मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, परतीच्या वाऱ्यांबरोबर येतो. हजारो पिढ्या एका पंचांगावर वाढलेला वंश उचलून दुसऱ्या पंचांगावर ठेवला तर तो टिकेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. तो टिकला, स्थानिक कासवांत मिसळला, तर त्याचे गुणधर्म पुढच्या पिढ्यांत पसरतात आणि स्थानिक वंशाने मिळवलेले जुळवून घेणे पातळ होत जाते. शिवाय महिनोन्‌महिने दाटीवाटीत ठेवलेल्या कासवांबरोबर श्वसनाचे रोगही रानात जातात. यातली सर्वांत वाईट बाब अशी, की ही चूक दिसत नाही. सोडलेले कासव माळावर चरताना दिसते, सगळे ठीक वाटते. कासवाची पिढी बदलायला पुष्कळ वर्षे लागतात, त्यामुळे परिणाम कळेपर्यंत सोडणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात आणि मिसळलेले पाणी पुन्हा वेगळे करता येत नाही.

उशिरा आलेल्या ज्ञानाची किंमत काय असते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गॅलापागोस बेटांवर घडले. पिंटा बेटावरच्या महाकाय कासवांचा वंश संपला असे मानले जात असताना १९७१ साली तिथे एक नर दिसला. पुढच्या वर्षी त्याला सांताक्रूझ बेटावरच्या संशोधन केंद्रात आणले. हाच 'लोन्सम जॉर्ज'. त्याच्या वंशाचे थोडे तरी रक्त पुढे जावे म्हणून त्याच्याबरोबर इझाबेला बेटावरच्या वुल्फ ज्वालामुखीच्या परिसरातल्या माद्या ठेवल्या गेल्या. कारण उघड होते : नकाशावर ते ठिकाण पिंटाला जवळ होते. १९९९ साली जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा कळले, की पिंटाच्या कासवांचे सर्वांत जवळचे नातलग कितीतरी दूरच्या, द्वीपसमूहाच्या दुसऱ्या टोकाकडच्या एस्पान्योला आणि सान क्रिस्टोबल बेटांवर आहेत. अंतर जवळचे म्हणून नाते जवळचे, हे गृहीतकच चुकले होते. वुल्फच्या माद्यांनी २००८ साली अंडी घातली, ती फुटली नाहीत. एस्पान्योलाच्या माद्या जॉर्जच्या कुंपणात आल्या त्या २०११ साली, आणि २४ जून २०१२ रोजी तो मेला. योग्य जोडीने त्याचा वंश चाललाच असता असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण त्या काळात प्रयत्न चुकीच्या दिशेने चालले होते, आणि ते चुकीचे आहेत हे सांगण्याची क्षमता फक्त डीएनएत होती, एवढे निश्चित.

त्याच बेटांवर वेळेत वाचलेल्या डीएनएने काय साधले, तेही पाहावे. फ्लोरेआना बेटावरची कासवे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संपली, असे सगळी पुस्तके सांगत होती. देवमाशांची शिकार करणारी जहाजे खाण्यासाठी जिवंत कासवे भरून नेत. ओझे हलके करायचे झाले की वाटेतल्या दुसऱ्या बेटांजवळ फेकूनही देत. २००८ साली वुल्फ ज्वालामुखीच्या उतारांवर सोळाशेहून अधिक कासवांचे रक्त तपासणीसाठी घेतले गेले. संग्रहालयांतल्या जुन्या हाडांमधून मिळालेल्या डीएनएशी ते ताडून पाहिले, तेव्हा २०१२ सालच्या शोधनिबंधानुसार ८४ कासवे अशी निघाली, की ज्यांच्या आई-बापांपैकी एक अस्सल फ्लोरेआना वंशाचा असला पाहिजे. संपलेला म्हणून नोंदवलेला वंश दुसऱ्या बेटावर, संकराच्या रूपाने का होईना, जगत होता. त्यातली निवडक कासवे आणून सांताक्रूझच्या केंद्रात पैदास सुरू झाली. डोळ्यांनी पाहून असा वंश हाती लागला नसता. एस्पान्योलावर आणखी एक धडा मिळाला. तिथे रानात परत सोडलेल्या कासवांची जनुकीय तपासणी सुरू असताना २००७ साली एक असे कासव सापडले, की ज्याच्या अंगात पिनझॉन या वेगळ्याच बेटाच्या वंशाचा डीएनए होता. इतक्या बारकाईने चालवलेल्या पुनर्वसन प्रकल्पातही परके कासव नकळत शिरले होते. तपासणी होती म्हणून ते सापडले. आपल्याकडे जप्तीनंतर घाऊक सोडलेल्या कासवांत अशी किती असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

घराजवळचे उदाहरण ईशान्येचे. काळ्या मऊ पाठीच्या एका कासवाला २००२ साली 'रानातून नामशेष' ठरवले गेले; ते फक्त बांगलादेशात चितगाव इथल्या बायझीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यात, भाविकांच्या हातून खाऊन जगते आहे, असा समज होता. ही वेगळी प्रजातीच नसावी, एका तळ्यात कोंडून राहिल्याने बदललेले दुसऱ्या प्रजातीचे कासव असावे, अशीही शंका घेतली जाई. जनुकीय अभ्यासाने ती शंका मिटवली : ही स्वतंत्र प्रजाती आहे आणि आसामातही आहे. हाजोच्या हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात, नागशंकर मंदिराच्या तळ्यात याच कासवांची वस्ती आहे. मंदिराच्या तळ्यातल्या अंड्यांमधून निघालेली पिल्ले आता आसामातल्या संरक्षित जंगलांत सोडली जातात. आपण कोणाला वाचवतो आहोत हे डीएनएने ठरवून दिले नसते, तर हे काम उभे राहणेच कठीण होते. सुंदरबनातल्या बाटागुर बास्का या नदीकासवाचेही तसेच. बंगालपासून मलेशियापर्यंतची ही कासवे एकाच प्रजातीची समजली जात. डीएनए पाहिल्यावर ती दोन प्रजातींची निघाली. म्हणजे सुंदरबनातली मूठभर कासवे हा एका मोठ्या कुळाचा तुकडा राहिला नाही, जवळजवळ तेच सारे कूळ ठरले. साजनेखालीच्या तळ्यात सुरू असलेल्या पैदाशीचे महत्त्व त्यामुळे कितीतरी पटींनी वाढले. अशा तळ्यात मोजकी जनावरे असताना कोणत्या नराबरोबर कोणती मादी ठेवायची, हा निर्णय वंशावळ न पाहता घेणे म्हणजे भावंडांची जोडी लावण्याचा धोका पत्करणे.

यावर पहिला आक्षेप निसर्गप्रेमींकडूनच येतो आणि तो वजनदार आहे. अधिवासच उरला नाही तर डीएनए वाचून करायचे काय? माळराने सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदली जातात आणि कोणत्याही प्रकल्पाला सहज दिली जातात. त्या लढाईत पैसा आणि माणसे लागत असताना प्रयोगशाळेकडे लक्ष वळवणे चूक, असे हे म्हणणे. एस्पान्योलाचा इतिहास या आक्षेपाला बळच देतो. तिथे १४ कासवे उरली होती, त्यांना सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला 'दिएगो' नावाचा नर येऊन मिळाला, आणि या १५ जनावरांपासून सुमारे दोन हजार कासवांची वस्ती उभी राहिली. २०२० साली तो कार्यक्रम पूर्ण झाल्याचे जाहीर करून त्या पंधराही जणांना घरच्या बेटावर परत सोडण्यात आले. जनुकीय वैविध्य अत्यल्प असूनही वंश तगला, कारण बेट ओरबाडणाऱ्या शेळ्या तिथून हटवल्या गेल्या होत्या. अधिवास आधी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण कोणता माळ आधी वाचवायचा, हे ठरवतानाही हेच ज्ञान कामी येते. वायव्येचा गट आणि दक्षिणेचा गट वेगळे असतील, तर एका ठिकाणचे अभयारण्य दुसऱ्या ठिकाणच्या नुकसानीची भरपाई करू शकत नाही. 'स्टार कासव गुजरातेत सुरक्षित आहे, तेव्हा आंध्रातला माळ गेला तरी चालेल' हा युक्तिवाद डीएनएमुळेच खोटा पडतो. माळरानासाठी भांडणाऱ्यांच्या हातात हा पुरावा असणे त्यांच्याच फायद्याचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वंशशुद्धीच्या कल्पनेने माणसांच्या समाजाचे किती नुकसान केले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावे लागत नाही. तीच कल्पना आपण प्राण्यांवर लादतो आहोत का? वेगवेगळे गट मिसळले तर बिघडले कुठे? आक्षेपात तथ्य आहे, कारण मिसळण्याने जीव वाचल्याची उदाहरणे आहेत. फ्लोरिडातले पँथर आपसांतल्या विणीमुळे इतके दुबळे झाले होते, की १९९५ साली टेक्सासातून आठ माद्या मुद्दाम आणून सोडल्या गेल्या आणि तो वंश सावरला. मात्र तो निर्णय घेण्याआधी त्यांच्यातले दोष मोजले गेले, आणता येईल असा जवळचा वंश निवडला गेला, नंतरच्या पिढ्यांवर लक्ष ठेवले गेले. जनुकशास्त्र शुद्धतेचा आग्रह धरत नाही. ते वैविध्याची किंमत सांगते, आणि कुठे मिसळणे उपकारक व कुठे घातक हे ठरवायला आधार देते. फ्लोरेआनाचा वंश तर संकर झालेल्या कासवांमधूनच परत मिळवला जातो आहे. विमानतळावरची खोकी एका जीपमध्ये भरून जवळच्या कुठल्याही जंगलात रिकामी करणे याला मात्र विचारपूर्वक केलेले मिश्रण म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : वेळ आणि पैसा. तपासणीची वाट पाहत कासवे पिंजऱ्यात राहणार, त्यात काही मरणार, त्यापेक्षा लवकर सोडलेली बरी. कासवांबद्दलच्या कळवळ्यातून हा मुद्दा येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. तस्करीतून सुटलेली कासवे तशीही लगेच सोडता येत नाहीत. निर्जलीकरण, जखमा, श्वसनाचे आजार यांसाठी त्यांना विलगीकरणात ठेवावेच लागते. नमुना पहिल्याच दिवशी घेतला तर अहवाल त्याच काळात येऊ शकतो. वेळ जातो तो तपासणीत कमी आणि नमुना कोणी घ्यायचा, कोणत्या प्रयोगशाळेत पाठवायचा, न्यायालयाची परवानगी कोण आणणार यातच जास्त. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचा साधा नमुना घ्यायलाही परवानग्या लागतात. जप्तीच्या प्रकरणांपुरती ती परवानगी कायमची आणि आधीच देऊन ठेवता येईल. खर्चाचे म्हणावे तर डीएनए वाचण्याचा खर्च गेल्या वीस वर्षांत प्रचंड उतरला आहे, आणि संदर्भासाठी लागणारे नमुने एकदाच गोळा करायचे असतात. शेकडो कासवे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे, त्यांना महिनोन्‌महिने पोसणे, यावर आपण खर्च करतोच. तो सत्कारणी लागावा यासाठी ही थोडी भर.

शिवाय हा नमुना दुहेरी कामाचा आहे. महाराष्ट्रात कासवांच्या तस्करीला अंधश्रद्धेचे खतपाणी मिळते. देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणारा आपला समाज. त्याच समाजात 'वीस नखी कासव' मिळाले तर पैशांचा पाऊस पाडता येतो, असे सांगून लाखोंचे सौदे करणाऱ्या टोळ्या पकडल्या जातात. पायांची नखे मोजून भाव ठरतो आणि बिचारे गोड्या पाण्यातले कासव पूजेच्या ताटात सुकून मरते. अशा खटल्यात जिवंत कासव हाती असले तर तज्ज्ञ प्रजाती ओळखतो. पण मांस, वाळलेले कवच, फुटलेली अंडी एवढेच हाती असेल तर बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असतो, हे संरक्षित प्रजातीचेच कशावरून? अशा तुकड्यांवरून प्राणी कोणता हे सांगणारे तंत्र सीसीएमबीतच, डॉ. लालजी सिंग यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाले. ते बाहेरून आणावे लागलेले नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे, पण ती सिद्ध झालेल्या गुन्ह्याला. आणि कासवे कोणत्या मुलखातून उचलली हे कळले, तर पुढची गस्त कुठे घालायची हेही कळते. समुद्री कासवांच्या कवचाच्या वस्तूंचा डीएनए वाचून ती कासवे कोणत्या किनाऱ्याची होती हे शोधण्याची 'शेलबँक' नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली आहे, ती याच विचारावर. असा तपशील उघड झाला तर तस्करांनाच पत्ता मिळेल, अशी भीती काहींना वाटते. गटपातळीची माहिती खुली आणि नेमके ठिकाण फक्त तपास यंत्रणेकडे, एवढी काळजी घेतली की ती भीती उरत नाही.

जप्तीपुरता हा विषय थांबत नाही, कारण आपल्या किनाऱ्यावरची कासवेही हेच मागत आहेत. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली सुरू केलेले ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या संवर्धनाचे काम कोकण किनाऱ्यावर गावोगाव पसरले. घरट्यातली अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची, पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची, हे गावकऱ्यांनी मनापासून केले. ही कासवे कोणाची, हा प्रश्न मात्र अलीकडे पुढे आला. गुहागरहून २०२३ साली सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे एकाच कुळातली आहेत का? एका टॅगने एका मादीचा प्रवास कळतो. असे प्रवास नेहमीचे आहेत की अपवादाचे, हे अनेक घरट्यांचा डीएनए ताडल्यावरच कळेल. ओडिशातल्या कासवांवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय ऑलिव्ह रिडलेंचा मातृवंश जगातल्या इतर वस्त्यांपेक्षा जुना असल्याचे, इथूनच इतर महासागरांत ती पसरली असावीत असे दिसले होते. कोकणातल्या कासवांचे त्यात नेमके स्थान कोणते, हे कळायलाच हवे, कारण दोन्ही किनारे एकच कूळ वापरत असतील तर ओडिशातल्या ट्रॉलरच्या जाळ्यात मेलेली मादी ही कोकणाचीही हानी ठरते.

इथे नमुन्यासाठी एकाही जिवंत जीवाला हात लावावा लागत नाही. कुंपणातली पिल्ले निघून गेल्यावर घरटे उकरले जाते आणि न फुटलेली अंडी मोजून पुरली जातात. त्या अंड्यातल्या अर्धवट वाढलेल्या गर्भात आईचा आणि बापाचा डीएनए असतो. नर कासवे किनाऱ्यावर सहसा येत नाहीत, त्यामुळे समुद्रात विणीचे नर किती उरले आहेत हे मोजायचा दुसरा सोपा उपाय नाही. एका हंगामातल्या घरट्यांमधून किती वेगवेगळे बाप दिसतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. आणि हा अंदाज आता निकडीचा झाला आहे. कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, वाळू तापली की माद्या जास्त. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफजवळ एकाच ठिकाणी चरणाऱ्या हिरव्या कासवांपैकी कोणती कोणत्या किनाऱ्यावर जन्मली हे डीएनएवरून वेगळे काढल्यावर, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जे दिसले ते धडकी भरवणारे आहे. उत्तरेच्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या होत्या. दक्षिणेच्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांत हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के. डीएनए नसता तर ती सगळी एका ढिगात मोजली गेली असती आणि उत्तरेचे संकट सरासरीत बुडून गेले असते. कोकणातली वाळूही तापते आहे. इथले आकडे आपल्याला कोण देणार?

मागणी फार मोठी नाही. वन खात्याने जप्त केलेल्या प्रत्येक कासवाचा नमुना पंचनाम्याबरोबरच घेतला जावा, तो घेण्याचे प्रशिक्षण पशुवैद्यकांना आणि वनपालांना मिळावे, आणि अहवालाशिवाय सोडण्याची परवानगी देऊ नये. डेहराडून आणि हैदराबादच्या संस्थांकडचे संदर्भ नमुने राज्यांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांना खुले असावेत, म्हणजे नाशिकच्या किंवा नागपूरच्या जप्तीसाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागणार नाही. ज्या कासवांचा मुलूख ठरवता येत नाही, त्यांना रानात सोडण्याचा हट्ट सोडून त्यांच्यासाठी कायमची निवारा केंद्रे असावीत. ती खर्चाची असतील, पण चुकीच्या जागी सोडण्यापेक्षा स्वस्त आहेत. कोकणातल्या प्रत्येक अंडी-कुंपणातून दर हंगामात काही न फुटलेली अंडी वन खात्याच्या कांदळवन कक्षामार्फत जतन व्हावीत. आज त्यांची तपासणी परवडली नाही तरी चालेल. आज न जपलेला नमुना पुढे कोणत्याही किमतीला मिळणार नाही.

वाचकांना एकच विनंती. स्टार कासव विकत घेऊ नका, कोणी भेट दिले तरी घेऊ नका. घरात ठेवणे हा गुन्हा आहे. आधीच घरात असेल, तर दयेपोटी तळ्यात, विहिरीत किंवा नदीत सोडू नका. ते जमिनीवरचे कासव आहे, पाण्यात बुडून मरते. जवळच्या डोंगरावर नेऊनही सोडू नका, कारण तो डोंगर त्याचा मुलूख आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, कासव त्यांच्या हवाली करा, आणि ते सोडण्याआधी त्याचा डीएनए तपासला जाणार आहे का, हे त्यांना जरूर विचारा.